गोरेगाव प.: आतला रस्ता खोदायला घेतायत, बसचं काय होतं? सल्ला हवा

नाशिकहून_नवा (८ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये नाशिकहून गोरेगाव पश्चिमेला राहायला आलोय. एस. व्ही. रोड आणि लिंक रोडच्या मध्ये, आतल्या बाजूला. घर घेताना बाकी काही पाहिलं नाही, फाटकासमोर बसस्टॉप आहे एवढं पाहिलं. आई ७१ वर्षांची. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून तीनदा स्टेशनजवळ फिजिओथेरपीला जाते, एकटी. रिक्षात वाकून शिरताना तिचा गुडघा दुखतो, बसमध्ये दांडी धरून सरळ चढता येतं.

परवा रस्त्याच्या कडेला पत्रे येऊन पडले. वॉचमन म्हणाला, "पाऊस संपला ना साहेब, आता मेपर्यंत हेच." तर बस बंद होते की वळवतात? आधी कळायचं कसं? आणि हे किती दिवस चालतं?

लिंकरोडवाली

पत्रे आले म्हणजे आठवड्याभरात खोदणार, धरून चाला. मुंबईत खोदकामाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मे. फराळाबरोबर सुरू होतो, आंब्याबरोबर संपतो.

बस शक्यतो वळवतात. आणि ऐका, जाताना काही वाटत नाही, फजिती येताना होते. गेल्या हंगामात आमच्या गल्लीत अर्धा रस्ता खोदला, उरलेल्या अर्ध्यातून एकाच दिशेची वाहतूक. स्टेशनकडे जाणारी बस आमच्या दारातून, परत येणारी मात्र लिंक रोडने फिरून. सासरे रोजच्या हिशोबाने बसून राहिले, आपला स्टॉप येईल म्हणून. तो आलाच नाही. उतरले ते तिसऱ्याच चौकात. तिथून एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि सोसायटीच्या तोंडाशी चरावर टाकलेली एक फळी. फळीवरून त्यांना वॉचमनने पलीकडे आणलं. दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत.

आईंना पाठवायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन-येऊन बघा. चढायचं कुठे, उतरायचं कुठे, दोन्ही वेगळं लक्षात ठेवायचं.

फटकळ

सरळ रिक्षा करा हो. मीटर २६ रुपयांपासून सुरू. कशाला एवढी यातायात.

नाशिकहून_नवा

@फटकळ, गुडघ्याचं वर लिहिलंय. शिवाय एसी बसचं तिकीट १२ रुपये, हा आकडा आईच्या तोंडावर आहे. २६ ऐकलं की ती चालत निघेल.

निवृत्त_वाहक

तीस वर्षं बसमध्ये काढली, म्हणून लिहितो. मोठी बस १२ मीटरची, लहान ९ मीटरची. नुसता रस्ता मोकळा असून भागत नाही, कोपऱ्यावर ती वळली पाहिजे. कोपऱ्यावर दोन गाड्या उभ्या असल्या की ड्रायव्हरला मागेपुढे करत बसावं लागतं, मागे भोंग्यांची रांग. म्हणून बस जवळच्या गल्लीतून न नेता लांबच्या मोठ्या रस्त्यानेच फिरवतात. तुम्हाला नकाशात जवळची वाट दिसेल, तिचा विचार सोडा.

विचारायचं कुठे? स्टेशनच्या बाहेर जिथून बस सुटते तिथल्या चौकीत. सकाळी सातच्या आत जा, माणसाला बोलायला वेळ असतो. "बस चालू आहे का" असं विचारू नका, "हो" म्हणतील आणि ते खरंही असेल. विचारा: "येताना कुठून वळते आणि कुठकुठे थांबते?" स्टॉपच्या खांबावर कागद लावतात, पण पहिल्या वाऱ्यात तो उडाला तर दुसरा लागेलच असं नाही.

आणखी एक. बस दहा मिनिटांनी यायची ती पंधरा मिनिटांनी येऊ लागली की लोक म्हणतात गाड्या कमी केल्या. दर वेळी तसं नसतं. समजा मार्गावर चार गाड्या आहेत आणि जाऊन-येऊन फेरीला ४० मिनिटं लागतात, तर दर दहा मिनिटांनी एक. फेरा लांबला, फेरीला ६० मिनिटं लागली, की त्याच चार गाड्या दर पंधरा मिनिटांनी. त्यात दोन गाड्या एका सिग्नलला अडकल्या की एकामागोमाग येतात आणि मग अर्धा तास काही नाही. आईंना घरून पंधरा मिनिटं लवकर काढा, आणि स्टॉपवर टेकायला जागा आहे का ते बघा.

गुगलीमास्तर

ॲपवर "५ मिनिटांत येईल" असं लिहून येतं त्यावर जाऊ नका, तो अंदाज जुन्या मार्गाचा असू शकतो. नकाशावर बसचा ठिपका कुठे सरकतोय ते बघा. ठिपका लिंक रोडला लागला की समजायचं, आपल्या दारात येत नाही.

खडी_आणि_सिमेंट

"किती दिवस" यावर कोणी बोललं नाही, म्हणून मी. पेशाने सिव्हिलवाला, पण तुमच्या रस्त्याच्या कामाशी संबंध नाही.

वेळ काँक्रीट ओतण्यात जात नाही, ते दोन-चार रात्रींचं काम. वेळ जातो खाली. पाण्याची लाइन, मलवाहिनी, पावसाळी गटार, विजेच्या आणि फोनच्या केबल. चर खणला की जुन्या नकाशात नसलेलं काहीतरी हमखास सापडतं, मग ते ज्याचं आहे त्याची माणसं येईपर्यंत काम थांबतं. ते मिटलं की काँक्रीट. त्यावर ओलं गोणपाट घालतात किंवा छोटे बांध घालून पाणी साठवतात. लोकांना वाटतं, रस्ता तयार आहे, उगाच अडवून ठेवलाय. पण काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने धरतात. पोरं त्यावर क्रिकेट खेळतात, बाइकवाले पत्रा सरकवून घुसतात, बस मात्र सर्वांत शेवटी. अर्धा-अर्धा रस्ता घेतला तर हे सगळं दोनदा. तीन-चार महिने धरा. कमी लागले तर पेढे वाटा.

मेची मुदत उगाच नाही. पावसात चर पाण्याने भरतो आणि ओलं काँक्रीट धुऊन निघतं. शहरात सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचं काँक्रीटीकरण दोन टप्प्यांत हाती घेतलंय. यंदा सुरू केलेल्या कामांना ३१ मेची मुदत होती आणि पाऊस २६ मेलाच दाखल झाला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. त्यामुळे उरलेली कामं आता सुरू होतायत. तुमचा रस्ता त्यातलाच असेल तर खालचं थोडं आधीच झालेलं असू शकतं. पत्र्याजवळच्या मुकादमाला विचारा, "लाइन टाकून झाल्या का?" तो "हो" म्हणाला तर महिना-दीड महिना वाचला.

फटकळ

मेट्रोने जा मग. गोरेगाव पश्चिम स्टेशन लिंक रोडलाच आहे, लिफ्टही आहे.

लिंकरोडवाली

अहो, मेट्रो लिंक रोडने उत्तर-दक्षिण जाते, त्यांना जायचंय पूर्वेला रेल्वे स्टेशनकडे. मेट्रोत बसून आई दहिसरला पोचतील. त्यापेक्षा लिंक रोडच्या बाजूला एखादं फिजिओ सेंटर मिळतं का बघा, तेवढे चार महिने.

नाशिकहून_नवा (२ नोव्हेंबर)

सगळ्यांचे आभार, कळवायला उशीर झाला. चौकीत सकाळी गेलो, निवृत्त_वाहक काकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी माझ्या पेपरच्या कडेवर पेनाने वळणाचा नकाशा काढून दिला. तो फ्रिजला लावलाय. जाताना एस. व्ही. रोडपर्यंत मी आईबरोबर चालतो, सहा मिनिटं, फूटपाथ अखंड आहे. तिथून सरळ जाणाऱ्या तीन बस आहेत, एकही वळत नाही. येताना ती लिंक रोडला उतरते आणि भाजी घेऊन येते. फिजिओ बदलायला साफ नकार, म्हणे, "त्या मुलीला माझा गुडघा कळतो."

मुकादम म्हणाला, लाइन टाकून झाल्यात. आज सकाळी पत्र्याच्या फटीतून ओलं गोणपाट दिसलं. म्हणजे आजपासून २८ मोजू ना?

खडी_आणि_सिमेंट

काँक्रीट ओतलं त्या रात्रीपासून मोजा. आणि गोणपाट एका बाजूला दिसलं की दोन्ही?

नाशिकहून_नवा

एकाच बाजूला.

खडी_आणि_सिमेंट

मग नकाशा फ्रिजवर राहू द्या.