जुना मॅकबुक प्रो सुरू होताना प्रश्नचिन्हाचे फोल्डर दाखवतो : दोष डिस्कचा, केबलचा की मदरबोर्डचा?

नक्षीकाम, सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १३ इंची मॅकबुक प्रो आहे, २०१२ च्या मध्यात आलेले मॉडेल. त्याच्या सुरू होण्याची अडचण जरा सविस्तर मांडते, कारण दोन ठिकाणी दाखवूनही मनाला पटेल असे कारण कोणी सांगितलेले नाही.

आमचे घर पूर्व भागात आहे. चादरी आणि टॉवेल काढणाऱ्या कारखानदारांना जॅकार्डसाठी नक्षी करून देण्याचे काम माझे वडील ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून करीत असत. तेच काम मी गेली नऊ वर्षे या यंत्रावर करते आहे, आणि त्या सगळ्या नक्ष्या यातच आहेत.

काही महिन्यांपूर्वी यंत्र फार संथ झाले होते. साधी फाइल उघडतानाही रंगीत चकती मिनिटभर फिरत राही. दुकानदाराने हार्ड डिस्क निकामी झाल्याचे सांगून २५० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि कॅटालिना ही ॲपलची संचालन प्रणाली घालून दिली. त्यानंतर दोन महिने यंत्र इतके चांगले चालले की मी निश्चिंत झाले होते. आता मात्र बटण दाबल्यावर नेहमीचा सूर ऐकू येतो, पडदा पांढुरका होतो आणि थोड्या वेळाने प्रश्नचिन्ह असलेले फोल्डर लुकलुकू लागते. कधी तिसऱ्या किंवा चौथ्या प्रयत्नात यंत्र सुरू होते, पण काम करताना मध्येच गोठते. एका टेबलावरून उचलून दुसऱ्यावर ठेवल्यानंतर हे हमखास होते, असे मला दोन-तीनदा जाणवले.

यंत्राच्या सुरुवातीच्या सेटिंग मूळ स्थितीत आणण्यासाठी कमांड, ऑप्शन, पी आणि आर या कळा सुरू होताना एकत्र दाबून पाहिल्या. एकदा उपयोग झाल्यासारखे वाटले, दुसऱ्यांदा काहीच झाले नाही. दुकानदाराचे आता म्हणणे असे की मदरबोर्ड गेला आहे आणि यावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. आमच्याकडे दुपारी विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि उन्हाळाही कडक आहे, त्याचा हा परिणाम असेल का? टाइम मशीनने (मॅकमधली राखीव प्रत घेण्याची सोय) घेतलेली शेवटची प्रत दिवाळीतली आहे. त्यानंतर केलेल्या साठेक नक्ष्या फक्त या एसएसडीवर आहेत, म्हणून काहीही करायला हात धजावत नाही.

जुनी यंत्रे, पुणे

ताई, आपण लक्षणे नीट नोंदवली आहेत आणि त्यामुळे निदान बरेच सोपे झाले आहे. मदरबोर्ड गेल्याचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

सुरू होताना ऐकू येणारा सूर म्हणजे यंत्राने प्राथमिक तपासणी पार केल्याची खूण असते. रॅम (तात्पुरती स्मृती) बसलेली नसेल तर या मॉडेलमध्ये दर पाच सेकंदांनी एक बीप ऐकू येतो आणि रॅम सदोष असेल तर तीन बीप, मग पाच सेकंदांची शांतता, असा क्रम चालू राहतो. आपल्याकडे यातले काहीच घडत नाही. प्रश्नचिन्हाच्या फोल्डरचा अर्थ एवढाच की ज्यावरून सुरू व्हायचे ती प्रणाली यंत्राला सापडत नाही. प्रणाली सापडली पण ती वापरता येत नाही, अशी स्थिती असती तर तिरकी रेघ मारलेले निषेधाचे वर्तुळ दिसले असते. तेव्हा प्रश्न डिस्कपर्यंत पोहोचण्याचा आहे.

या १३ इंची मॉडेलमध्ये डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणारी एक पातळ, कागदासारखी चपटी केबल असते. ती डिस्कच्या कडेने वळणे घेत जाते आणि तिची एक बाजू ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला घासत राहते. वर्षानुवर्षांच्या त्या घर्षणाने तिच्यातल्या तारा झिजतात. २०१२ च्या या मॉडेलचे हे ठाऊक असलेले दुखणे आहे आणि ते पुष्कळदा डिस्कच्या माथी मारले जाते, कारण लक्षणे अगदी डिस्क बिघडल्यासारखीच असतात : संथपणा, फिरती चकती, गोठणे आणि शेवटी प्रश्नचिन्ह. यंत्र उचलल्यावर त्रास होतो, ही आपली नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सांगाडा किंचित वाकला की झिजलेल्या तारेचा संपर्क तुटतो.

नवी एसएसडी दोन महिने चालली आणि मग तोच त्रास परतला, यातही विसंगती नाही. या यंत्रासोबत येणारी मूळ हार्ड डिस्क सेकंदाला ३ गिगाबिटच्या जोडणीवर चालत असे, तर एसएसडी ६ गिगाबिटची जोडणी मागते आणि यंत्र ती देतेही. अर्धवट झिजलेली केबल कमी वेगावर कशीबशी निभावून नेते, दुप्पट वेगावर मात्र तिचा दोष लवकर उघडा पडतो.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. एसएसडी बाहेर काढून साध्या यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत) घालावी, ती यंत्राला जोडावी आणि सूर ऐकू येताच ऑप्शनची कळ दाबून धरावी. पडद्यावर डिस्कचे चित्र आले, ते निवडून यंत्र सुरू झाले आणि उचलून ठेवल्यावरही चालत राहिले, तर डिस्क आणि मदरबोर्ड दोन्ही ठीक आहेत आणि दोष केबलचा आहे, असे समजण्यास हरकत नाही. या मॉडेलला यूएसबी ३ आहे, त्यामुळे नवी केबल येईपर्यंत बाहेरच्या डिस्कवरूनही काम बऱ्यापैकी वेगाने होते.

सुरू होताना टी कळ दाबून हे यंत्र बाहेरच्या डिस्कसारखे दुसऱ्या मॅकला जोडण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो सोडून द्या. त्या मार्गानेही माहिती त्याच आतल्या केबलवरून यावी लागते.

विजापूर रस्ता, सोलापूर

वरील निदानाशी मी सहमत आहे, फक्त क्रमाबद्दल एक आग्रह आहे. यंत्र सुरू करण्याचे आणखी प्रयत्न आता थांबवावेत. जोडणी मध्येच तुटत असताना डिस्कवर लिहिणे चालू राहिले तर फाइलींची रचना बिघडू शकते, आणि आपल्या साठ नक्ष्यांना खरा धोका तोच आहे. एसएसडी काढून केसमध्ये घातल्यावर पहिले काम नक्ष्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचे करावे. डिस्क दुरुस्तीचा पर्याय त्यानंतर वापरावा.

विजेबद्दल सांगायचे तर या यंत्राचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो आणि मध्ये बॅटरी असते, त्यामुळे दाबातल्या चढउताराने असे तुटक लक्षण दिसणे मला संभवनीय वाटत नाही. उन्हाळ्याचा मुद्दा थोडा वेगळा आहे. हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवावे असे कंपनी सांगते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. शिवाय मागांच्या जवळ राहणाऱ्यांच्या यंत्रात सुताचे तंतू पंख्यापाशी साचून जाड थर तयार होतो. मी स्वतः अशी यंत्रे उघडून पाहिली आहेत. झाकण उघडालच तेव्हा तो थर मऊ कुंचल्याने काढून टाका. या बिघाडाचे कारण मात्र ते नव्हे.

एक प्रश्न : दुकानदाराने काढलेली जुनी हार्ड डिस्क आपण परत घेतली होती का? केबलच दोषी असेल तर ती डिस्क कदाचित मुळात धडधाकट असेल.

माझ्याकडे डेस्कटॉप संगणक आहे, त्याला दोन्ही डिस्क जोडून त्यांच्या आतील नोंदी वाचता येतील. डिस्क स्वतःच्या त्रुटींचा हिशेब ठेवते. खराब झालेल्या जागांचे आकडे वाढलेले असतील तर डिस्क दोषी. सीआरसी त्रुटींचा (माहिती जशीच्या तशी पोहोचली का या पडताळणीत सापडलेल्या चुकांचा) आकडा वाढलेला असेल तर माहिती वाटेत बिघडली, म्हणजे केबल दोषी. हा हिशेब डिस्कमध्येच साठतो, म्हणून दुसऱ्या संगणकावरही तो दिसतो.

दुसरा वापरकर्ता, लातूर

एक सावधगिरी सुचवतो. प्रश्नचिन्ह दिसले की बरेच जण इंटरनेटवरून रिकव्हरी, म्हणजे प्रणाली पुन्हा उतरवून घेण्याची सोय, सुरू करतात. त्यात ऑप्शन, कमांड आणि आर दाबल्यास या यंत्राला चालणारी सर्वांत नवी प्रणाली, म्हणजे कॅटालिना, उतरते; त्याच कळांसोबत शिफ्टही दाबली तर यंत्रासोबत मुळात आलेली किंवा तिच्या जवळची जुनी प्रणाली येते. त्या जुन्या प्रणालीची डिस्क युटिलिटी (डिस्क तपासण्याचे साधन) आपल्या एसएसडीवरची एपीएफएस ही फाइली साठवण्याची रचना ओळखत नाही, कारण ही रचना २०१७ च्या हाय सिएरा या प्रणालीपासून आली. तिथे चांगली डिस्कही अनोळखी दिसते आणि माणूस घाबरून ‘इरेज’ करून, म्हणजे सगळे पुसून, बसतो. ते बटण कोणत्याही परिस्थितीत दाबू नका.

नक्षीकाम, सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चार दिवसांत जे केले ते क्रमाने कळवते.

नव्या पेठेतून यूएसबी केस आणली आणि शेजारच्या मुलाच्या मदतीने एसएसडी बाहेर काढली. ऑप्शन दाबल्यावर डिस्कचे चित्र लगेच दिसले आणि यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. सगळ्यात आधी नक्ष्या उतरवून घेतल्या. दोन फाइली उघडत नाहीत, पण त्यांची छापील प्रत माझ्याकडे असल्याने त्या पुन्हा काढता येतील. त्यानंतर यंत्र मुद्दाम उचलून, तिरपे करून, झाकण मिटून पाहिले. दिवसभरात एकदाही गोठले नाही.

विजापूर रस्त्यावरच्या दादांकडे दोन्ही डिस्क नेल्या. जुनी हार्ड डिस्क मी कपाटात जपून ठेवली होती. तिच्यात खराब जागांची नोंद शून्य निघाली आणि सीआरसीचा आकडा हजाराच्या पुढे होता. एसएसडीवर तोच आकडा ४१७ आहे. म्हणजे पहिल्या वेळी डिस्क बदलण्याची गरजच नव्हती. त्या खर्चापेक्षा मला याचे अधिक वाईट वाटते की मी ती चांगली डिस्क भंगारात देण्याच्या विचारात होते. वडिलांच्या ग्राफच्या कागदांची मी केलेली स्कॅन फक्त तिच्यावर आहेत.

आता केबल मागवायची आहे. यंत्राच्या तळाशी ए १२७८ असा क्रमांक आहे, तो सांगितला तर पुरेल का? आणि ती घरी बसवता येईल का?

जुनी यंत्रे, पुणे

वाचून फार समाधान वाटले. त्या स्कॅनच्या प्रती आजच दोन ठिकाणी करून ठेवा.

ए १२७८ एवढे पुरेसे नाही. हा क्रमांक २००८ च्या अखेरीपासून २०१२ पर्यंतच्या सगळ्या १३ इंची ॲल्युमिनियम मॉडेलांना दिलेला आहे आणि त्यांच्या केबली वेगवेगळ्या आहेत. ‘अबाउट धिस मॅक’मधून सिस्टिम रिपोर्ट उघडा; तिथे मॉडेलची ओळख ‘मॅकबुक प्रो ९,२’ अशी दिसली पाहिजे. विक्रेत्याला तीच ओळख सांगा आणि २०१२ च्या मध्यातील १३ इंची मॉडेल असे स्पष्ट लिहा. वापरलेली केबल स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तीही तितकीच झिजलेली असेल.

एसएसडी काढताना आपण अर्धे काम शिकलाच आहात. तळाच्या दहा स्क्रूंपैकी तीन लांब असतात, म्हणून कागदावर यंत्राचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवावा. झाकण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी मदरबोर्डवरून सोडवा, मगच बाकी कशालाही हात लावा. केबलचे मदरबोर्डकडचे टोक प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने सरळ वर उचलावे लागते. धातूचा स्क्रूड्रायव्हर तिथे वापरू नये. केबल खाली किंचित चिकटवलेली असते, ती हळूहळू सोडवावी. नवी केबल बसवण्यापूर्वी ती जिथे सांगाड्याला टेकते तिथे इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावा आणि वळणाच्या जागी केबलला धारदार घडी पडू देऊ नका, गोलाई राहू द्या.

एसएसडीवरचा ४१७ हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. तो कधी कमी होत नाही, त्यामुळे घाबरू नका. केबल बदलल्यावर दोन-तीन आठवडे नेहमीचे काम करा आणि तो पुन्हा वाचा. ४१७ वरच थांबलेला असेल तर दुरुस्ती पूर्ण झाली. पुढे सरकला असेल तर केबलचे टोक नीट बसले आहे का ते आधी पाहा आणि इथे कळवा.