लहान बहीण कोकणकडा चढायला चाललीय, चार दिवस कड्यावरच राहणार. घरच्यांनी काय काय विचारून घ्यावं?

यारीवाला_दारव्हा

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, जि. यवतमाळ. चार एकर शेती आहे, आणि उन्हाळ्यात विहिरी खोदायचं काम करतो. यारी, म्हणजे विहिरीतून दगड-माती वर ओढायचं यंत्र, स्वतःची. लहान बहीण पुण्याला नोकरीला आहे, चार वर्षांपासून तिथल्या एका ग्रुपसोबत चढाईला जाते. येत्या फेब्रुवारीत त्यांची सात जणांची टीम हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बेलपाड्याकडून, म्हणजे पायथ्यापासून वर, चढणार आहे. चार दिवस धरले आहेत. रात्रीही खाली यायचं नाही, कड्यावरच.

मायला एवढंच माहीत आहे की पोरगी गडावर जाते. माय म्हणते, "गडावर त जत्रेलेबी जातेत लोकं, चार दिवस कायले लागते?" मला उत्तर देता आलं नाही.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून विहिरीत उतरतो. सरकारच्या धडक सिंचन योजनेच्या विहिरी निघाल्या त्या वेळी एका हंगामात सहा विहिरी काढल्या. माझ्या डोळ्यांसमोर एकदा नाडा, म्हणजे यारीचा जाड दोर, तुटला आहे. ओझं फार नव्हतं. तोंडाशी दगडाचा एक कंगोरा होता, त्यावर तो तीन दिवस एकाच जागी घासत राहिला. वरून पाहिलं तर धडधाकट, खालच्या अंगाने पीळ अर्धा गेलेला. आमचा गडी तळापासून दहा फुटांवर होता म्हणून पायावर निभावलं. त्याच्या पायात अजून सळई आहे. तेव्हापासून मी रोज सकाळी सगळा दोर मुठीतून ओढून पाहतो. डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला लागतं.

बहिणीने तिचा दोर व्हिडिओवर दाखवला. दहा मिलिमीटर, बोटाएवढा. म्हणते, हा ताणतो. आमच्याकडे ताणायला लागलेला दोर आम्ही बैल बांधायला देऊन टाकतो, त्यावर माणूस सोडत नाही. मग हा कसा चालतो? आणि वरून दगड सुटला तर? विहिरीत खालच्या माणसाला पळायला जागा नसते, तिथेही नसणारच. झोपतात कुठे, पाणी किती नेतात?

तिला अडवायचं नाही. फक्त मी जे विचारीन ते कामाचं असावं, एवढंच वाटतं.

परतवाड्याचा_गडी

भाऊ, तुमचा नाड्याचा किस्सा वाचून मी हातातलं काम ठेवलं. तुम्ही ज्याला भ्यालात तोच कड्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

मी परतवाड्याचा, चढाई चिखलदऱ्याच्या कड्यांवर शिकलो. कोकणकड्यावर एका मोहिमेत होतो, पुढे चढणारा म्हणून नाही, मागून सामान ओढणारा म्हणून. त्यामुळे दोरांशी माझा संबंध सगळ्यांत जास्त आला.

त्यांच्याकडे दोन जातींचे दोर असतील. ताणणारा दोर फक्त सगळ्यात पुढे चढणाऱ्यासाठी. दगडात भोक पाडून बोल्ट बसवतात आणि दोर त्यात अडकवत पुढे जातात. चढणारा शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर असताना हात सुटला तर बोल्टपर्यंत तीन आणि खाली तीन, असा निदान सहा मीटर पडतो. तुमच्या नाड्यासारखा न ताणणारा दोर असता तर त्या झटक्याने कंबर मोडली असती, नाहीतर बोल्ट उपटला असता. हा दोर ताणून तो झटका खातो. त्याची चाचणी ८० किलोचं वजन पाडून करतात, आणि पहिल्या पडण्यात दोरावर येणारा जोर १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण बाराशे किलोंच्या आत राहावा लागतो. तुमच्या यारीवर माणूस वरून पडत नाही, तो दोराला आधीपासून लटकलेलाच असतो. म्हणून तुमचंही बरोबर आहे आणि तिचंही.

दुसरा दोर न ताणणारा, स्टॅटिक. पहिला माणूस वर पोचला की तो बांधतो आणि बाकीचे त्यावर जुमार लावून येतात. जुमार म्हणजे दातांची पकड, वर सरकते, खाली सरकत नाही. प्रत्येक पावलाला माणूस त्या दोरावर थोडा खालीवर होतो आणि दोर वरच्या कंगोऱ्यावर करवतीसारखा चालतो. सहा माणसं आणि सामानाच्या बॅगा एकाच जागेवरून. तुमचे तीन दिवस तिथे एका दुपारीत होतात.

म्हणून बहिणीला पहिला प्रश्न हा विचारा: स्टॅटिक दोर कंगोऱ्यावर जिथे टेकतो तिथे काय घालता? चांगली टीम तिथे मध्येच आणखी एक बोल्ट मारून दोर दगडापासून उचलते, नाहीतर जुन्या फायर होजचा, म्हणजे आग विझवायच्या पाइपचा, तुकडा दोरावर चढवते. आणि दुसरं, रोज सकाळी दोर कोण तपासतं? "सगळेच बघतो" असं उत्तर आलं तर मान्य करू नका. एका माणसाचं नाव हवं.

दगडाचं तुम्हाला मी काय सांगणार! तोच आपला काळा पत्थर आहे. तुमच्या विहिरीत मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा लागतो ना, तेच थर तिथे उभे कापलेले दिसतात. गेरूच्या पट्ट्यात मी पिटॉन, म्हणजे फटीत ठोकायचा लोखंडी खिळा, ठोकला होता. चांगल्या फटीत हातोडीचा आवाज घावागणिक चढत जातो, खण, खिण, खिंऽ. तिथे शेवटपर्यंत बद्द. हाताने हलवला तर लाल पीठ सांडलं आणि पिटॉन माझ्या तळहातावर आला. त्या पट्ट्यावरून पुढे जायला आमचे साडेतीन तास गेले, आणि उंची मिळाली जेमतेम दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांएवढी.

मायच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पक्क्या पाषाणात बोल्टसाठी हाताने एक भोक पाडायला अर्धा तास सहज लागतो. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी सावली असते, पण दुपारनंतर मावळेपर्यंत ऊन अंगावर येतं आणि दगड तव्यासारखा तापतो. म्हणून खरं काम पहाटे ते दुपार. पाणी माणशी रोज ३ लिटर धरलं तरी सात जणांचं चार दिवसांचं ८४ लिटर होतं. हे सगळं पुलीने वर ओढायचं, तेही प्रत्येक टप्प्यावर पुन्हा.

झोप बेचक्यात मिळाली तर बेचक्यात, नाहीतर पोर्टालेजवर. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट आणि त्यावर कापड, वरून एका जागी बांधलेली खाटच म्हणा. हार्नेस, म्हणजे दोराला बांधलेला कंबर-मांड्यांचा पट्टा, झोपेतही काढायचा नाही. शौचाला बसतानाही नाही. आणि ते सगळं पिशवीत बंद करून सोबत परत आणायचं, कारण खाली बेलपाड्याच्या बाजूला माणसं असतात.

दगडासाठी हेल्मेट आहेच. पण खरा उपाय थांबायची जागा. मागच्यांनी कधीही पुढच्याच्या सरळ खाली उभं राहायचं नाही, बाजूला सरकून स्टेशन, म्हणजे स्वतःला बांधून थांबायची जागा, लावायचं. हेही विचारा.

मेळघाटवाली

धारणीकडची आहे, चढाई करत नाही, पण आमच्याकडे कड्यांवर आग्या मोहोळं लागतात म्हणून लिहिते. या माश्यांची पोळी उघडी असतात, एका कड्यावर अनेक. सह्याद्रीच्या कड्यांवरही असतात. सेंट, वासाचं तेल काही नको. धूर तर अजिबात नको. टीमने आधी दुर्बिणीने पाहून मोहोळापासून लांबची वाट धरली आहे का, ते विचारा. जमिनीवर माणूस पळू तरी शकतो. दोरावरच्या माणसाने अंग झाकून स्थिर राहायचं असतं. तोंडावर घ्यायची जाळी सोबत असू द्या, ती मुठीत मावते.

गुरुजी_उमरखेड

आईंना सांगायला उपयोगी पडेल म्हणून दोन गोष्टी लिहितो. अमेरिकेत योसेमिटीमध्ये एल कॅपिटन नावाचा सुमारे ९०० मीटरचा ग्रॅनाइटचा कडा आहे. त्याच्या 'नोज' या धारेवरून वॉरन हार्डिंग आणि त्याचे साथीदार १२ नोव्हेंबर १९५८ रोजी माथ्यावर पोचले, तेव्हा मधल्या खंडांसह सोळा महिने उलटले होते. प्रत्यक्ष कड्यावरचेच दिवस पंचेचाळीसच्या आसपास. तीच वाट १९७५ मध्ये तिघांनी एका दिवसात केली. उलट त्याच कड्याच्या 'डॉन वॉल'वर टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्गसन यांना डिसेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ मध्ये १९ दिवस राहावं लागलं. तेव्हा चार दिवसांचे पाच झाले तर घरच्यांनी धीर सोडू नये.

याच कारणाने एक विनंती. संध्याकाळची एक वेळ ठरवून घ्या, आणि फोन बहिणीचा नको, पायथ्याशी थांबणाऱ्याचा घ्या. कड्यावर वॉकीटॉकी असतो, मोबाइलची बॅटरी आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. वनखात्याची परवानगी घेतलीय का, आणि कोणी जखमी झालं तर गडाच्या दुसऱ्या अंगाच्या पाचनई गावाच्या बाजूने माथ्यावरून दोर टाकणारी माणसं ठरलेली आहेत का, हेही विचारा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकला तर पायात रक्त साचतं आणि थोड्या वेळात जिवावर बेतू शकतं. त्याला वर घ्यायचं की खाली, हे तिथे लटकून ठरवायचं नसतं.

यारीवाला_दारव्हा

सगळ्यांचे आभार. काल रात्री तिच्याशी दीड तास बोललो.

दोर तपासायला टीममध्ये एकच जण आहे आणि ती हीच आहे. मला माहीतच नव्हतं. म्हणाली, "दादा, मी मुठीतूनच ओढते. लहानपणी तुझ्यासाठी डबा घेऊन विहिरीवर यायची तेव्हा पाहिलं होतं." माथ्यावर दोन माणसं राहणार आहेत, परवानगी आली आहे. मोहोळांचं त्यांनी पाहिलं आहे, पण जाळी नव्हती, ती आता घेणार. बोल्ट मारायच्या आधी दगड ठोकून आवाज ऐकते म्हणाली. बद्द आला तर जागा सोडते.

फायर होज मात्र त्यांच्याकडे एकच तुकडा आहे. सात जणांना आणि एवढ्या सामानाला एक पुरणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि तिनेही ऐकलं.

मग मायला सगळं सांगितलं. कडा केवढा आहे तेही. ती बराच वेळ चुलीपुढे गप्प बसली. नंतर विचारलं, "तिथं चूल त नसन पेटत?" नाही म्हटल्यावर दशम्या करायचं ठरलं, दुधात मळलेल्या, तीन दिवस टिकतात. जवसाची चटणी कमी तिखटाची, म्हणजे पाणी जास्त लागणार नाही. बाकी गूळ-शेंगदाणे.

माझ्याकडे मोटारीचा जुना कॅनव्हासचा पाइप पडला आहे. जाड आहे, आतून रबर. हात-हात लांबीचे पाच तुकडे कापले आणि दोर मध्येच घालता यावा म्हणून उभे चिरले. चिरलेली बाजू सुतळीने शिवायला ठेवली आहे. उद्या रात्रीच्या पुणे ट्रॅव्हल्सने पाठवतो. परतवाड्याचे भाऊ, एवढं सांगा, शिवण दगडाकडे ठेवायची की बाहेरच्या बाजूला?

परतवाड्याचा_गडी

बाहेरच्या बाजूला, दगडाकडे अखंड पाइप यायला हवा. सुतळीने कायमचं शिवू नका, नाहीतर दोरावर चढवता येणार नाही. कडेला तीन-तीन भोकं पाडा आणि नायलॉनची दोरी ओवून द्या, ती तिथे बांधेल. वरच्या टोकाला एक भोक जास्तीचं ठेवा, तिथून तुकडा स्टेशनला बांधता येतो. तसा बांधला नाही तर जुमारच्या हिसक्यांनी हळूहळू खाली सरकतो आणि कंगोरा उघडा पडतो.