लुचानो गाल्लिनोंची नजर इव्रेआतच अडकली होती का?

इटलीतल्या तुरीनच्या लुचानो गाल्लिनोंना (१९२७–२०१५) उद्योगपती अद्रिआनो ओलिवेत्तींनी १९५६ साली इव्रेआ गावच्या आपल्या टाइपरायटर कारखान्यात संशोधनासाठी बोलावून घेतलं. १९७१ मध्ये ते तुरीन विद्यापीठात समाजशास्त्राचे पूर्ण प्राध्यापक झाले. इटलीच्या २००३ च्या बिआजी कायद्याने तात्पुरत्या कामाचे नाना प्रकार रूढ केले, तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं: श्रम ही वस्तू नव्हे. लवचिकतेच्या (हवं तेव्हा घ्या, हवं तेव्हा काढा) नावाखाली धंद्यातली जोखीम मालकाच्या डोक्यावरून कामगाराच्या डोक्यावर जाते. मला हे शंभर टक्के पटतं. तुमचं मत?

प्रतिसाद १
माणूस मोठाच, पण तो घडला कुठे ते बघा. इव्रेआत काचेच्या भिंतींची कार्यशाळा, कामगारांसाठी ग्रंथालय, त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर. इटलीत असे कारखाने होते किती? १९७० च्या कामगार कायद्यातलं कलम १८ म्हणजे अन्यायाने काढलेल्याला परत कामावर घेण्याची सक्ती, तीही साधारण पंधरापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच. छोट्या कारखान्यातल्याला आणि पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरांना त्याचा काय उपयोग? आरिस आक्कोर्नेरो वाचा. ते स्वतः तुरीनच्या बेअरिंग कारखान्यात कामगार होते, १९५७ मध्ये राजकारणापायी त्यांना काढून टाकलं, पुढे तेही कामगार-समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्थिर नोकरीची भीती फुगवून सांगितली जाते, असं त्यांचं म्हणणं. नोकरी जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

प्रतिसाद २
आक्कोर्नेरोंबद्दल मलाही आदर आहे. पण काही जणांना संरक्षण नाही म्हणून उरलेल्यांचंही काढून घ्या, हा कुठला न्याय? संरक्षण छोट्या कारखान्यांपर्यंत न्यायला हवं होतं. झालं उलटंच. २०१५ च्या सुधारणेत नव्या नोकऱ्यांसाठी कलम १८ जवळपास निकालात निघालं.

धागाकर्ता
प्रतिसाद १, इव्रेआचा मुद्दा मला उलटा दिसतो. गाल्लिनोंनी ओलिवेत्ती कंपनीची पडझडही पाहिली. अद्रिआनो १९६० मध्ये गेले, १९६४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या ताब्यात गेला. इटलीने मोठे उद्योग हातचे कसे घालवले यावर गाल्लिनोंनी २००३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. लवचिकतेने रोजगार वाढतो म्हणणाऱ्यांना त्यांचा सवाल होता की संशोधनात पैसा न घालता नुसती मजुरी स्वस्त करून कुठला उद्योग तगला? याचं उत्तर मला आक्कोर्नेरोंकडे सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर इथे लिहा.