वृषणातलं पाणी जातंय कुठं?

रंकाळाकाठी: भावांनो, परवा झूलॉजीची ओरल हाय, शुक्राणू वृषणातनं निघतात ते पातळ पाण्यात तरंगत आणि पुढं एकदम दाट होतात म्हणे, मग मधलं पाणी जातंय कुठं?

तांबडापांढरा: वृषण आणि अधिवृषण (शुक्राणू जिथं पक्व होतात, साठतात ती गुंडाळलेली नळी) यांच्या मधल्या बारीक नळ्याच जवळजवळ ९० टक्के शोषतात लगा. पेशी आधी सोडियम ओढतात, त्या मिठामागनं पाणी जातंय, लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतंय तसंच की.

गुऱ्हाळवाला: आणि कंट्रोल इस्ट्रोजेनचा! १९९७ ला उंदरांत दिसलं, त्याचा अल्फा रिसेप्टर (पेशीतलं हार्मोन पकडणारं प्रोटीन) नसला की पाणी तुंबतंय, वृषण फुगतंय, पिल्लं बंद. आमचे सर अजून बायकांचं हार्मोन म्हणत्यात.

रंकाळाकाठी: नाद खुळा! क्लोराइड पण असंच शोषतात?

तांबडापांढरा: त्या बारीक नळ्यांत हो, पण पुढं उलटं. अधिवृषणात पेशी क्लोराइड सीएफटीआर चॅनेलमधनं (पेशीच्या पडद्यातलं क्लोराइडचं दार) नळीत सोडतात.