नकारपत्रापेक्षा मेडिकल बोर्डाची प्रत वाचा

काहींचं म्हणणं असतं की मेडिकल बोर्डाचा, म्हणजे जवानाची तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, ‘आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही’ असा शेरा आला की त्या जवानाच्या अपंगत्व पेन्शनचा विषय संपला. मला हे पटत नाही. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१३) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका अशाच शेऱ्यावर आहे. त्या जवानाला फिट्सचा त्रास, अपंगत्व २० टक्के. भरतीच्या वेळच्या नोंदींत आजाराचा उल्लेख नव्हता आणि बोर्डाने कारणंही दिली नव्हती. न्यायालयाने म्हटलं, भरतीवेळी नोंद नसेल तर आजार सेवेत जडला असंच गृहीत धरायचं; तो सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही.

म्हणून आधी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मिळवा, लागलं तर माहिती अधिकारात. ‘डॉक्टरांचं मत’ या रकान्यात नुसतं ‘नाही’ लिहून सोडलंय का, ते बघा. अपिलात त्याच रकान्यावर बोट ठेवायचं. देशसेवेची वर्णनं कितीही खरी असली तरी तिथे उपयोगी पडत नाहीत, आणि लोक नेमकी तीच पानंच्या पानं लिहितात!

खात्याकडेच करायची पहिली आणि दुसरी, अशी दोन्ही अपिलं फेटाळली गेली तर सशस्त्र दल न्यायाधिकरण (सैनिकांच्या सेवेविषयक तक्रारी ऐकणारं न्यायालय) आहे, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. तिथे अर्जाची मुदत साधारण सहा महिन्यांची. मात्र २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे पात्रता नियम लागू झालेत, त्यामुळे त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबण्याआधी वकिलाला विचारावं.