एजिनाच्या मूर्तींना थॉरवाल्डसेननं जोडलेले अवयव उतरवायला नको होते

टाकीचे घाव

म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयातल्या एजिनाच्या मूर्तींबद्दल माझं मत मांडतो आहे. पटलं नाही तर खोडून काढा, पण मुद्द्यानिशी.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीसमधल्या एजिना बेटावर अफाइया देवीचं देऊळ आहे. १८११ मध्ये कॉकरेल आणि फॉस्टर हे दोघे इंग्रज व हालर फॉन हालरश्टाइन आणि लिंक हे दोघे जर्मन, अशा चौघांनी तिथल्या पेडिमेंटमधल्या, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणातल्या, मूर्ती उकरून काढल्या. १८१२ मध्ये झांते बेटावर लिलाव झाला. मूर्ती तोवर सुरक्षिततेसाठी माल्टाला हलवल्या होत्या. ब्रिटिशांचा माणूस लिलावही तिथेच होणार असं समजून माल्टाला गेला आणि बव्हेरियाचा युवराज लुडविग याच्या वतीनं मार्टिन फॉन वाग्नरनं झांतेत सौदा पुरा केला. मग १८१६ ते १८१८ या काळात रोममध्ये थॉरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकारानं तुटके हात, पाय, मस्तकं, शिरस्त्राणं नव्या संगमरवरात घडवून जोडली. त्या रूपात या मूर्ती १८३० पासून ग्लिप्टोथेकमध्ये उभ्या होत्या. १९६० च्या दशकात संचालक डीटर ओली यांनी हे सगळं जोडकाम उतरवलं आणि १९७२ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा मूर्ती आजच्या भग्न रूपात दिसल्या.

माझा आक्षेप असा. नवा हात बसवायचा तर तुटलेली खडबडीत जागा आधी सपाट करावी लागते, मध्ये भोक पाडून खुंटी घालावी लागते. थॉरवाल्डसेनच्या कार्यशाळेनं तेच केलं. म्हणजे मूळ भंगरेषा तेव्हाच गेली. ओलींनी हात काढल्यावर खाली जे उघडं पडलं ते १८११ चं तुटलेपण नाही, १८१७ च्या आसपास छिन्नीनं तासलेलं सपाट टोक आहे. खांद्याशी पाहा, दंड करवतीनं कापल्यासारखा संपतो. ही मूर्ती ग्रीकांनी पाहिली नव्हती, उत्खनन करणाऱ्यांनी पाहिली नव्हती आणि लुडविगनंही पाहिली नव्हती. अशी अवस्था विसाव्या शतकानं नव्यानं तयार केली आणि तिला ‘अस्सल’ म्हटलं. तिच्यासाठी थॉरवाल्डसेनसारख्या शिल्पकाराचं काम मोडलं.

भग्नशिल्प

पूर्ण असहमत. भंगरेषा गेली हा दोष थॉरवाल्डसेनच्या पद्धतीचा आहे, ओलींचा नाही. ज्यानं पुरावा तासला त्याचंच काम पुरावा म्हणून जपा, हे मला पटत नाही.

मुख्य मुद्दा मांडणीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला समजूत अशी होती की मध्ये अथेना देवी उभी, तिच्या पायाशी पडलेला योद्धा आणि दोन्ही बाजूंचे सगळे त्याच्या दिशेनं झेपावताहेत. जोडलेले हात-पाय त्याच समजुतीतून घडले. १९०१ मध्ये आडोल्फ फुर्टवेंगलर या जर्मन पुरातत्त्वज्ञानं त्याच देवळाशी पुन्हा उत्खनन केलं, १९०६ मध्ये ग्रंथ छापला. त्यानं मूर्तींपेक्षा आधी कॉर्निसचे, म्हणजे मूर्ती ज्यावर उभ्या होत्या त्या पुढे आलेल्या कडेचे, दगड पाहिले. प्रत्येक मूर्तीच्या पायाखालची पट्टी त्या दगडात कोरलेल्या खाचेत बसत होती. खाचेचा आकार, खोली, दोन खाचांमधलं अंतर यांवरून कोण कुठे उभा होता हे कळतं. त्यातून निघालं की लढाई मध्याकडे नाही, मध्यापासून बाहेरच्या कोपऱ्यांकडे, वेगवेगळ्या गटांत चालली आहे. ओलींनी याच पुराव्यावर पुढे काम केलं, शिवाय दगडाची झीज तपासली, कारण उघड्या बाजूची झीज आणि भिंतीकडच्या बाजूची झीज सारखी नसते. पश्चिमेला मुळात १३ आणि पूर्वेला ११ मूर्ती होत्या असा हिशेब बसला.

आता सांगा, मूर्ती खऱ्या जागी वळवून ठेवली आणि हात मात्र जुन्या मांडणीच्या दिशेला उगारलेला राहिला, तर प्रेक्षकानं काय समजायचं? शिवाय नव्या उत्खननात सापडलेले तुकडे जोडायचे कुठे? त्यांच्या जागी १८१७ चा संगमरवर बसलेला होता.

टाकीचे घाव

खाचांचा पुरावा मला मान्य आहे, मांडणी बदलायलाच हवी होती. पण मांडणी बदलणं आणि मूर्ती सोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या दोन-चार मूर्तींची कृती स्पष्ट चुकली होती त्यांचे अवयव काढले असते तरी चाललं असतं. सरसकट सगळं उतरवलं, यात नाक, बोटं, पावलं अशा निरुपद्रवी पुरवण्याही गेल्या.

आणि सापडलेले तुकडे जोडायचे म्हणता, तर तासलेल्या टोकावर मूळ तुकडा भिडतच नाही. मधला भाग कायमचा गेलेला असतो, तिथे भराव घालून अंतर अंदाजानं ठरवावं लागतं. जोडकाम काढून ती अडचण संपली नाही.

राळ आणि शिसं

तुमच्या दोघांच्याही वादात दगड कसा जोडतात ही बाजू राहून गेली म्हणून लिहितो.

त्या काळी रोमच्या कार्यशाळांत जोडणीची सर्वसाधारण रीत अशी. दोन्ही टोकं सपाट करायची, समोरासमोर भोकं पाडायची, त्यात धातूची खुंटी घालायची, भोकात वितळलेलं शिसं नाहीतर राळ आणि संगमरवराची पूड यांचं गरम मिश्रण ओतायचं. सांधा वरून लुकणानं बुजवायचा आणि नव्या दगडाला जुनाट रंग द्यायचा. खुंटी लोखंडी असेल तर दमट हवेत गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, दगड आतून ताणला जातो आणि आधी खुंटीच्या बाजूनं केसासारखी भेग येते, मग कवच सुटतं. भेग पुरवणीत पडली तर नुकसान १८१७ च्या दगडाचं, पण बहुतेकदा ती पलीकडच्या प्राचीन दगडातच पडते, कारण तो आधीच थकलेला असतो.

म्हणून लोखंडी खुंटी असलेला जुना सांधा कधीतरी उघडावाच लागतो. क्ष-किरणानं खुंटी शोधायची, राळ असेल तर मंद उष्णता देऊन मऊ करायची (सत्तर-ऐंशी अंशांना ती सैल पडू लागते), शिसं असेल तर बाजूनं पोखरून काढायचं. घाईनं ओढलं की भोकाच्या काठाचा टवका उडतो. परत जोडताना न गंजणारं पोलाद वापरायचं आणि पुन्हा सोडवता येईल असाच चिकटा. सांधा उघडल्यावर पुरवणी परत लावायची की नाही हा निर्णय मात्र रसायनाचा नाही. तो तुम्ही लोक भांडून ठरवा.

एल्बकाठ

म्युनिकच्या कितीतरी आधी ड्रेस्डेननं हा निर्णय घेतला होता. १७२८ मध्ये तिथला राजा बलाढ्य ऑगस्टसनं रोमच्या कीजी आणि अल्बानी संग्रहांतून सुमारे दोनशे मूर्ती घेतल्या. बहुतेकांवर बरोक काळातलं भरपूर जोडकाम होतं. १८८२ पासून संचालक असलेल्या गेओर्ग ट्रॉय यांनी अल्बर्टिनम या तिथल्या संग्रहालयाच्या नव्या मांडणीत ते मोठ्या प्रमाणावर उतरवलं.

त्या वृत्तीचा फायदा अथेनाच्या उदाहरणात दिसतो. फुर्टवेंगलरनं बोलोन्यातल्या एका मस्तकाची प्लास्टरची प्रत ड्रेस्डेनमधल्या अथेनाच्या धडावर बसवून पाहिली आणि दोन्ही एकाच मूळ कृतीच्या नकला आहेत असं मांडलं. ती मूळ कृती म्हणजे प्राचीन ग्रीक शिल्पकार फिडियसची अथेना लेम्निया हा त्याचा निष्कर्ष आजही वादात आहे, ते असो. पण जुनं जोडकाम म्हणजे मूर्तीचाच भाग असं धरून बसलं असतं तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

आपल्याकडे खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. लुडविगच्या पिढीलाही भग्न शरीर दालनात नको होतं. पूजेच्या मूर्तीला तो नियम शोभतो, अभ्यासाच्या मूर्तीला नाही.

हात जोडलेला मुलगा

ड्रेस्डेन झालं, आता बर्लिन बघा. आल्टेस म्युझियममधला ‘प्रार्थना करणारा मुलगा’ हा ऱ्होड्सहून आलेला ब्रॉन्झ पुतळा. आधी प्रिन्स ऑयगेनच्या संग्रहात होता, १७४७ मध्ये फ्रेडरिक द ग्रेटनं घेतला. त्याचे वर उचललेले दोन्ही हात सतराव्या शतकातले आहेत. मुलगा प्रार्थना करतो आहे हे आपल्याला त्या हातांवरूनच वाटतं. ‘भग्नशिल्प’ यांचा नियम लावला तर हात उतरवायला हवेत, नावही बदलायला हवं. बर्लिननं तसं केलेलं नाही आणि माझ्या मते योग्य केलं, कारण अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी ज्याच्याकडे पाहिलं तो हाच मुलगा आहे.

खुद्द ग्लिप्टोथेकमध्येही एकच नियम नाही. बार्बेरिनी फॉन, म्हणजे झोपलेल्या वनदेवाची प्राचीन मूर्ती, सापडली तेव्हा तिचा उजवा पाय नव्हता. रोममध्ये विन्चेन्झो पाचेत्ती या शिल्पकारानं १७९९ च्या सुमारास तो पुरा केला. आजही फॉन पाहायला गेलात तर पाय पुरा केलेलाच दिसतो, कारण त्याशिवाय सैल पसरलेल्या शरीराचा तोल कळतच नाही. एका दालनात पाय चालतो आणि दुसऱ्या दालनात हात चालत नाही, याचं उत्तर द्या.

भग्नशिल्प

देतो. फॉन एकटा आहे. त्याचा पाय चुकला तरी शेजारच्या मूर्तीचा अर्थ बदलत नाही. एजिनाच्या मूर्ती एका प्रसंगातल्या आहेत, एकाचा भाला कुठे रोखलेला आहे यावर समोरचा कोण, पडणारा कोण हे ठरतं. तिथे अंदाजाचा हात म्हणजे वाक्यात घुसडलेलं क्रियापद.

आणि त्या दगडात खरी माहिती भोकांत आहे. भाले, बाण, शिरस्त्राणांची सजावट धातूची होती, काही मूर्तींना शिशाच्या बटा होत्या. शिरस्त्राणाच्या कडेखाली, कपाळाजवळ बारीक भोकांची रांग दिसते, ती त्या बटांची. पुरवणी चढली की भोकं झाकली जातात किंवा नव्या दगडात विरून जातात.

बर्लिनच्या मुलाबद्दल मी घाई करणार नाही. ब्रॉन्झचे हात काढून हाती काही नवा पुरावा लागणार नसेल तर राहू देत.

टाकीचे घाव

भोकांचा मुद्दा वजनदार आहे. क्रियापदाचाही. एवढं मान्य करून माझी मागणी आखूड करतो. ग्लिप्टोथेकनं काढलेले अवयव फेकले नाहीत, जपले. मग थॉरवाल्डसेनच्या रूपातली निदान एक पूर्ण मूर्ती प्लास्टरमध्ये मूळ मूर्तीच्या शेजारी कायम उभी करावी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत विद्यापीठांनी अशा प्रती ठेवल्या त्या शिकवण्यासाठीच. ग्योटिंगेनमध्ये हाइनं या प्राध्यापकानं १७६७ मध्ये संग्रह सुरू केला, बाझेलमध्ये तर अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची शिल्पं प्रतींच्या रूपात एकत्र आणली.

रंगकण

या मागणीला माझा पाठिंबा, फक्त एक सावधगिरी. मूळ मूर्तीवरून नवा साचा काढू नका. पश्चिम पेडिमेंटमधला धनुर्धर घ्या. त्याच्या घट्ट विजारीवर आणि बाह्यांवर नागमोडी-चौकटींची नक्षी होती. तिच्या खुणा तिरप्या प्रकाशात आणि अतिनील किरणांत दिसतात. पुरातत्त्वज्ञ विन्चेन्झ ब्रिंकमन यांनी त्यावरून रंगीत प्रत केली आणि २००३ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. तो रंग प्रतीवर दिला, मुळाला हात लावला नाही. साच्याचं सिलिकॉन सोलताना उरलासुरला रंगाचा कण सोबत येतो, त्यातलं तेल दगडात मुरून डाग पडतो तो वेगळाच. प्लास्टरच्या जुन्या साच्यांनीही पूर्वी असंच नुकसान केलं आहे.

म्हणून मूर्ती आणि जपलेले अवयव दोन्हींचं प्रकाशानं स्कॅनिंग करा. सपाट तासलेली टोकं इथे उपयोगी पडतात, दोन सपाट पृष्ठभाग आणि खुंटीची भोकं समोरासमोर आली की अवयव कुठे होता हे संगणकावर अंदाजाशिवाय जुळतं. जुळलेल्या आकृतीवरून प्रत घडवा, सांध्यावर बारीक रेषा उघडी ठेवा आणि थॉरवाल्डसेनचा भाग किंचित वेगळ्या छटेत द्या. दोन प्रती करा आणि दुसरी दुसऱ्या शहरात ठेवा. म्युनिक विद्यापीठाचा प्लास्टरच्या प्रतींचा जुना संग्रह दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ पूर्ण नष्ट झाला, तो एकाच जागी होता.