ड्रॅग रेसमध्ये इतके वर्ग कशाला? (आरएक्स १३५, फॉर्म भरायचाय)

देवगडचा_आरएक्सवाला

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात घाटावर एक ड्रॅग मीट आहे, फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. गाडी बाबांची आरएक्स १३५. फॉर्ममध्ये वर्गांचीच दीड पान यादी: टू-स्ट्रोक १३५ सीसीपर्यंत, फोर-स्ट्रोक १६५ पर्यंत, मग ओपन, आणि शेवटी 'ब्रॅकेट' म्हणून काहीतरी, ज्यात आपली वेळ आपणच आधी लिहून द्यायची. दोन गाड्या सोडायच्या, जी पुढे ती जिंकली, यात दीड पान कशाला? दुसरं, यूट्यूबवर अमेरिकेतल्या त्या लांब नाकाच्या गाड्या १,००० फूटच पळतात आणि मामा म्हणतो ड्रॅग म्हणजे पाव मैल. कोण बरोबर? सराव सध्या सड्यावरच्या (गावावरच्या पठारावरच्या) रस्त्यावर, पहाटे पाचला.

जुना_फिटर

मामा बरोबर आणि यूट्यूबही बरोबर. सड्याचं शेवटी बोलतो, तिथे तू शिव्या खाणार आहेस.

मी बारा वर्षं बहारीनला गॅरेजमध्ये काढली. २००४ ला साखीरचं सर्किट झालं, त्यात ड्रॅगची पट्टीही आहे. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, तो नाद लागला आणि त्याच्यापायी मला. नियमांचं पुस्तक मी इंजिनाखाली पडून शिकलोय, तेव्हा क्रम थोडा मागेपुढे होईल.

अमेरिकेतही पोरं आधी रस्त्यावर आणि सुकलेल्या तळ्यांवरच गाड्या पळवायची. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए ही ड्रॅग रेसची संघटना काढली ती त्यांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायला. पट्टीवर आणल्यावर पहिलं भांडण हेच, की बापाची गाडी तशीच घेऊन आलेला आणि चार महिने इंजिन उघडून बसलेला, दोघांना एकत्र सोडायचं का? आपल्याकडे घाटावर बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, ओपन असे गट करतात ना, तसंच. आणि बैलाचे दात बघायला माणूस ठेवावाच लागतो, मालकाने सांगितलेल्या वयावर कोण विश्वास ठेवतो!

तिकडे दातांच्या जागी हॉर्सपॉवर. शोरूममधून निघालेल्या गाड्यांच्या स्टॉक वर्गांत हिशोब सोपा होता: गाडीचं वजन भागिले कंपनीने जाहीर केलेली हॉर्सपॉवर, जो आकडा येईल त्यावरून वर्ग. झालं, कंपन्यांनी हॉर्सपॉवर कमी सांगायला सुरुवात केली! १९६८ ची फोर्डची ४२८ कोब्रा जेट मस्टँग घे. कागदावर ३३५ हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त, हे ज्याने तिला सुटताना बघितलं त्याला कळलंच. एवढ्या मोठ्या कंपनीने गिऱ्हाइकाला 'आमचं इंजिन तसं साधंच आहे हो' म्हणून सांगावं, हे मला अजून हसवतं. शेवटी एनएचआरए कंपनीचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा लावायला लागली, आणि जो फार जिंकेल त्याचा वाढवायला लागली. तुझ्या दीड पानाचं मूळ इथे आहे. एक पळवाट काढतो, दुसरा ओरडतो, यादीत एक ओळ वाढते.

फनी कार तशीच आली. १९६५ च्या सुमारास मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून पुढचामागचा अ‍ॅक्सल पुढे सरकवलेल्या गाड्या निघाल्या. दिसायला विचित्र, म्हणून नाव फनी. पुढे त्यांचा खर्च आभाळाला भिडला, तेव्हा १९७० मध्ये प्रो स्टॉक काढला: बॉडी शोरूमसारखी, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) नाही. आता तोही स्वस्त राहिला नाही आणि २०१६ पासून त्यात कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन सक्तीचं झालं. माझ्यासारख्या जेट साफ करत म्हातारा झालेल्याला ते फारसं रुचलं नाही, पण मला विचारतो कोण.

ब्रॅकेट मात्र नीट समजून घे, गरिबाचा वर्ग तोच. समज, तू लिहून दिलंस १७ सेकंद, समोरच्याने १३. तुझा हिरवा दिवा त्याच्याआधी चार सेकंद लागणार. आधी झेंडा घेऊन माणूस मध्ये उभा राहायचा, त्याला हे कुठून जमणार? १९६३ मध्ये दिव्यांचं झाड आलं, दोन्ही लेनचे दिवे वेगळे, म्हणून असा पुढेमागे सोडायचा हिशोब नीट बसला. पण लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलास तर ब्रेकआउट, म्हणजे बाद.

आमचं तसंच झालं. फेब्रुवारीची संध्याकाळ. दुपारभर गाडी ११.२० सेकंदांत येत होती, अरबाबने तेच लिहिलं. सूर्य गेला, समुद्राकडून गार वारा सुटला. गार हवा दाट असते, इंजिनाला ऑक्सिजन जास्त मिळतो, हे मला माहीत होतं पण तोंडातून निघालं नाही. गाडी पुढे आली, अख्खी एक गाडी पुढे! आम्ही उड्या मारतोय आणि बोर्डावर ११.१४. समोरचा हरूनही जिंकला. अरबाब चकार शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हवा मोजायला थर्मामीटर आण म्हणाला, आणि मी घाईत फार्मसीतून तापाचा घेऊन आलो. ते त्याने पुढची दहा वर्षं सगळ्यांना सांगितलं.

आता तुझे १,००० फूट. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, ४०२ मीटर. २१ जून २००८ ला न्यू जर्सीत एंगलिशटाउनला स्कॉट कॅलिटा फनी कार चालवताना गेला. पट्टीच्या शेवटाला इंजिनचा स्फोट, पॅराशूटने काम केलं नाही, गाडी थांबलीच नाही. जुलैपासून टॉप फ्युएल (तुझ्या त्या लांब नाकाच्या) आणि फनी कार १,००० फुटांवर आणल्या. बाकीचे बहुतेक वर्ग पाव मैलच पळतात.

म्हणून सड्यावर सराव बंद कर. पहाटे पाचला तिथे कोणाची तरी गाय रस्त्यावर बसलेली असते, कारण रात्रीचा डांबर गरम असतो. आणि तुझं पाव मैल संपतं तिथून थांबायला किती जागा आहे, मोजलीस कधी? दोन्ही बाजूला जांभा. पॅराशूट सोड, तुझ्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक आहे.

दापोली_फोरस्ट्रोक

काका, सगळं पटलं, पण १,००० फूट ही पळपुटी वाट. पट्टी लांब करायची, शर्यत कशाला कापायची? आधीचे सगळे विक्रम वाया गेले ना.

जुना_फिटर

पट्टीच्या पलीकडे लोकांची घरं-रस्ते असतील तर लांब कशी करणार? तुमच्या हर्णैला धक्का वाढवायचा म्हटलं तर काय काय होतं ते तुम्हीच सांगा. शिवाय यांनी नियम कधीच आधी केलेले नाहीत, सगळे कोणाला तरी लागल्यावर. तिकडचा ड्रॅगवाला डॉन गार्लिट्स, त्याच्या दोन पायांमध्ये १९७० साली ट्रान्समिशन फुटलं, उजव्या पावलाचा भाग गेला, तेव्हा कुठे त्याने इंजिन पाठीमागे नेलं आणि मग सगळ्यांनी नेलं. विक्रम गेले तर गेले.

मालवणी_हापूस

काका, आमच्या गावात पोरां ओहोटीक किनाऱ्यार आरएक्स उडवतत. ह्यां सगळां तेंका वाचून दाखवतंय. तापाच्या थर्मामीटराची गोष्ट पयली.

देवगडचा_आरएक्सवाला

काका, शिव्या पोचल्या. गाय खरंच असते, पांढरी, एका कानाला टॅग. ब्रॅकेट आणि टू-स्ट्रोक १३५ दोन्ही भरतो. टू-स्ट्रोकमध्ये काही लोचा नाही ना? गाडी १३५ च आहे.

जुना_फिटर

नाव १३५. आतून ५८ बाय ५० मिलिमीटर (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची धाव), म्हणजे १३२ सीसी. बाबांनी कितीदा बोअर मारलाय, म्हणजे सिलिंडर घासून मोठा केलाय, ते विचार. ५० साइजचा (अर्धा मिलिमीटर मोठा) पिस्टन असेल तर १३४.४, चालेल. ७५ चा (पाऊण मिलिमीटर मोठा) असेल तर १३५.५, आणि कोणी हेड उघडून कॅलिपरने मोजलं तर बाहेर.

देवगडचा_आरएक्सवाला

बाबा म्हणतात तीनदा. पिस्टनवर काय लिहिलंय ते रविवारी हेड काढून बघतो.